वाचक क्रमांक नऊ

अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा आकडा उणे अठरावरून उणे अकरावर आला आणि मनस्वीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"शेठना बोलवा," ती कशीबशी म्हणाली.

उणे सात. उणे दोन. मिरजोळ्याच्या त्या कारखान्याच्या कोल्डरूममध्ये चाळीस टन कोळंबी परदेशी जायच्या तयारीत होती. आकडा शून्याच्या वर गेला की ती खतात घालायची.

समोरच्या खुर्चीत गनीचाचा बसले होते. कोल्डरूमचे इन्चार्ज, वय एकोणसाठ, महिनाअखेरीला निवृत्त होणार. "मशीन कंपनीचा फोन आला होता मघाशी," ते हळूच म्हणाले. "आमची पोरगी नसीमा दुबईत कशी आहे, विचारलान. मग पासवर्ड मागितलान. मी दिला."

मनस्वीची पाचावर धारण बसली. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं, अगदी शब्दन् शब्द. तिनंच लिहिलं होतं ते.

दीड वर्षं ती एका परदेशी विद्यापीठाचं ऑनलाइन एम.ए. करत होती. विषय, सायबर सुरक्षेचं धोरण आणि नेतृत्व. पहाटे साडेपाचला लेक्चर, साडेआठला कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग. संगमेश्वरला तिचे वडील लोकांना त्यातलं 'नेतृत्व' तेवढंच सांगत, त्यामुळे गावाला वाटे, पोरगी निवडणुकीला उभी राहणार.

चाचांना तिचं भारी कौतुक. "त्या युनिव्हर्सिटीचं नाव लिहून दे गो, नसीमाला पाठवतो," म्हणून त्यांनी कागदावर नाव लिहून घेतलं होतं. एरवी त्यांचं तोंड चालू व्हायचं ते जहाजावरच्या गोष्टींनी. पंचवीस वर्षं रेडिओ ऑफिसर होते. "आमचा कप्तान न सांगता आगीची घंटा वाजवायचा. आग नसायचीच. कोण कुठं पळतो, तेवढं बघायचा." ही गोष्ट तिनं निदान दहा वेळा ऐकली असेल. ती मान डोलवायची आणि आपलं काम पुढे रेटायची.

या सत्रात पेपर होता, 'तुमच्याच संस्थेवर हल्ला करायचा झाला तर कसा कराल?' मनस्वीनं कारखान्याचं नाव बदललं, बाकी सगळं खरं लिहिलं. कॅलेंडरमागे ठेवलेली पासवर्डची चिठ्ठी. मुलीचं नाव काढलं की विरघळणारा म्हातारा. 'एकदा आत शिरलं की पडद्यावरचा आकडा आपला. माणसं पडद्यावर विश्वास ठेवतात, दार उघडून कुणी बघत नाही.' हे वाक्य तर तिचं तिलाच आवडलं होतं.

पेपर नावं झाकून वर्गातल्याच दुसऱ्या कुणाकडे तपासायला जात. तिचा गेला 'वाचक क्रमांक नऊ'कडे. पंच्याण्णव मार्क आले आणि खाली एक प्रश्न, 'हा माणूस तुमचा कोण लागतो?' तिनं उत्तर दिलं, 'कुणी नाही. तो यंत्रणेतला कच्चा दुवा आहे.'

आता हा नऊ क्रमांक जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसून हसत असेल, देव जाणे.

कारखान्याचे मालक स्वरूपशेठ धावत आले तेव्हा पडद्यावर अधिक सहा होते. "दार उघडायचं नाही," ते म्हणाले. "विम्याची माणसं येईपर्यंत कुलूप." भिंतीपलीकडे कॉम्प्रेसरची घरघर चालूच होती, पण ती ऐकायला सवड कुणाला होती?

मग त्यांनी एकेकाकडे बघत विचारलं, "पासवर्डचं, नसीमाचं, बाहेर कोण बोललं?"

एक वाक्य पुरलं असतं. ते मनस्वीच्या जिभेवर आलंही. पण डिग्री जाईल, नोकरी जाईल, संगमेश्वरच्या घरी पोलीस जातील, या विचारानं तिनं ते गिळलं.

"चिठ्ठी चाचा कॅलेंडरमागे ठेवायचे," ती म्हणाली. "मी दोनदा सांगितलं होतं त्यांना."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "खरं आहे," म्हणाले.

घरी गेल्यावर तिनं आधी तो पेपर लॅपटॉपमधून पुसून टाकला.

चाचांना चार दिवस घरी बसवलं. कारखान्यात कुजबुज सुरू झाली, की म्हाताऱ्याचे हात बरबटलेले असणार. मालाच्या गाड्या भरणारा सदू तेवढा भडकला. "चौदा वर्षांत एक खोका इकडचा तिकडं नाय केलान त्या माणसान. आणि जाताना तोंडाला काळं?" मनस्वीला चाचांची दया येत होती, अगदी मनापासून येत होती. पण दया येणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

पाचव्या दिवशी सकाळी शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "चाचांच्या जागी तूच. फक्त अहवाल हवा. दोष कुणाचा ते स्पष्ट लिही, म्हणजे त्यांना काढता येईल. तुला आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

तिनं एक पान लिहिलं. चाचांचं नाव लिहिताना ती जरा थांबली. सही करताना नाही.

शेठनी कागद वाचला, घडी घातली. "चल," म्हणाले, "कोल्डरूम उघडू."

दाराशी गनीचाचा उभे होते. अंगात जाड जॅकेट, हातात किल्ली. मनस्वीनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि घाणीच्या भीतीनं नाकाला रुमाल लावला.

दार उघडलं. पांढऱ्या, गार वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. आत छतापर्यंत खोके रचलेले होते आणि खोक्यांवर बर्फाचा थर धरला होता. दारामागच्या तापमापकात उणे अठरा.

"पहिल्याच दिवशी ही स्वतःहून येऊन सांगेल, अशी चाचांची खात्री होती," स्वरूपशेठ कुणाकडेच न बघता म्हणाले आणि तिचा अहवाल त्यांनी चाचांच्या हातात दिला.

चाचांनी चष्मा लावला. उभ्या उभ्या सगळं पान वाचलं, सहीसकट.

"मागच्याला पंच्याण्णव दिले होते मी," ते म्हणाले. "ह्याला किती देऊ, बेटी?"