अहमदाबाद की ताथवडे

"आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, पप्पा. एक जागा सोडावी लागेल."

नवनाथ भाकरी थापत होता. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातण्यात त्याची उमर गेली. भाकरी गोल यायला लागली ती आत्ता आत्ता.

"त्यात इचार कसला? अहमदाबाद. गाड्यांचं डिझाइन शिकायला तिथं नंबर लागावा म्हणून पोरं जिवाचं रान करतात. तुझा पहिल्या झटक्यात लागला."

"ताथवड्यालाही तोच कोर्स आहे."

"ताथवडं काय, हितंच हाय. पळून चाललंय का?"

वर्षालीनं वाद घातला नाही. ताथवड्याचं कॉलेज ती बघून आली होती. तिथल्या शेडमध्ये पोरांनी एक जुनी रिक्षा पार उघडी करून ठेवली होती, आणि सरांनी तिच्या हातातही मातीचा गोळा देऊन "बघ, हिचं नवं तोंड घडवून" म्हटलं होतं. जागा आवडली होती. पण अहमदाबाद ते अहमदाबादच.

खरा प्रश्न पप्पांचा होता. ती नववीत असताना आई गेली. त्यानंतर पप्पा कामावरून यायचे आणि दिवाही न लावता बसून राहायचे. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला ओ द्यायचे. ते दिवस तिला विसरता येत नव्हते. आता कुठं ते माणसांत आले होते. सकाळी फिरायला जायचे, स्वयंपाक शिकले होते, परवा तर स्वतःहून नवा शर्ट आणला. हे सगळं आपण घरात आहोत म्हणून, असं वर्षालीला वाटायचं. आपण गेलो की घर पुन्हा अंधारात.

दुपारी ती खालच्या मजल्यावरच्या शेजारीण विजयश्रीमावशीकडे गेली. मावशी चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होती. पहिली शिफ्ट करून नुकतीच कंपनीच्या बसनं उतरली होती. तिचा नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"मावशी, पप्पांना तुम्हीच समजवा. तुमचं ऐकतात ते."

"काय समजवू?"

"मी ताथवड्याला जातेय म्हणून. त्यांना वाटतं, मी त्यांच्यापायी मन मारतेय."

"मग मारत नाहीस?"

वर्षालीनं चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

"अगं, बिनधास्त जा," मावशी म्हणाली. "ते काय कुकुलं बाळ आहेत? आम्ही आहोत की."

"तुम्ही दिवसभर कंपनीत. त्यांना ताप आला, तर पाणी कोण देणार?"

मावशी कप विसळायला उठली. पाठमोरीच म्हणाली, "बघू."

वर्षाली बाहेर पडली. बसस्टॉपच्या बाकावर बसून तिनं मोबाइलवर अहमदाबादची जागा सोडली आणि ताथवड्याची पक्की केली. समोरून दोन बस गेल्या तरी ती उठली नाही. मग हळूहळू मोकळं वाटलं. तिला ती उघडी रिक्षा आठवली आणि तिच्या नव्या तोंडाचा आकार सुचायला लागला. येताना तिनं गरम जिलेबी घेतली.

नवनाथ कामावरून आला होता. तिनं जिलेबी समोर ठेवली.

"ताथवडे पक्कं केलं, पप्पा. आता बोलायचं नाही. तुम्हाला एकटं टाकून मी कुठंही जाणार नाही."

नवनाथ मटकन खुर्चीत बसला.

"सोडलीस? अहमदाबादची जागा?"

"सोडली. आणि मला काही वाईट वाटत नाहीये. उलट बरं वाटतंय."

त्यानं जिलेबीचा पुडा उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आल्यासारखे दिसले. वर्षालीलाही गलबलून आलं. बापलेकीत असे क्षण क्वचितच यायचे.

तेवढ्यात दारात विजयश्री येऊन उभी राहिली. तिनं एकदा जिलेबीकडं पाहिलं, एकदा नवनाथकडं.

"नाही ना ऐकलं तिनं?" ती म्हणाली. "मग आता सांगून टाका."

नवनाथनं खाकरून घसा साफ केला. मान वर न करताच तो म्हणाला, "पोरी, तुला अवघड वाटू नये म्हणून तू गेल्यावर आमी दोघं रजिस्टर लग्न करणार होतो. आता हितंच राहतीयेस, तर साक्षीदार म्हणून तूच सही कर."