दुसरी डिस्क

भातकुलीच्या नत्थुजींच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची वजनं, खरेदी, विक्री, सगळं एकाच कॉम्प्युटरात होतं. बॅकअप मीच बसवून दिला. रोज संध्याकाळी दोन डिस्कवर प्रत घ्यायची, एक ऑफिसात ठेवायची, दुसरी दुसऱ्या जागी.

"कापसाचं काम आहे, एक ठिणगी पुरते," मी म्हणालो. "समोर तुमच्या भावाचं घर आहे, तिथं ठेवा."

"वामनच्या घरी?" नत्थुजी पचकन थुंकले. "त्याच्या दारात माहं कुत्रं बी नाही जात."

हातभर बांधावरून या दोघांचं बोलणं बंद. एवढा मोठा धंदा, अन् अक्कल अजून त्या बांधावरच बसलेली. असल्या माणसापुढे मी तरी किती डोकं फोडायचं?

ऐन हंगामात आग लागली. मी पोचलो तोवर ऑफिसचा कोळसा झाला होता. कापसाची गंजी अजून जळत होती, अन् वामनराव आपला टँकर आणून तिच्यावर पाणी मारत होते.

"दुसरी डिस्क?" मी विचारलं.

"पहिलीच्याच ड्रॉवरात होती."

"भावाकडे ठेवली असती तर आज वाचली असती, नत्थुजी."

"वाचली असती न. मंग जिंदगीभर सांगत फिरला असता, का माह्यामुळं याचा धंदा वाचला." त्यांनी पाइप धरलेल्या भावाकडे पाहिलं. "तू जाय अन् त्याले म्हन, पाणी बंद कर."