सफरचंदवालीची जागा

"अगं हेस्टर, सायलस तुझ्या जागेवर उभा आहे! आणि सफरचंदं विकतोय मेला!" शेजारच्या पेगने दारातूनच बातमी फेकली.

तापाने फणफणलेली हेस्टर ताडकन उठून बसली. आज शनिवार. लँबेथच्या या गल्लीत पोलिसाची सकाळची शिट्टी वाजली, की ज्याची हातगाडी जिथे उभी असेल, ती जागा त्याची. एका माणसाला एकच जागा. एक शनिवार चुकला, की मग कितीही रडा. नवरा गेल्यापासून हेस्टरला पोसलं होतं ते पाण्याच्या पंपाजवळच्या त्या चार हात जागेनेच.

आणि ती बळकावली कोणी, तर समोरच्या सायलसने! हा बाबा कोबी विकायचा, खारवलेले मासे विकायचा, पण सफरचंदाला कधी हात लावायचा नाही. समोरच्याचा माल आपल्या गाडीवर आणायचा नाही, ही गल्लीची रीत होती.

डूख धरला होता तर मेल्याने! शाळेच्या मास्तरांनी एकदा सांगितलं होतं, की आपल्या हातगाडीवाल्यांना लोक कॉस्टरमाँगर म्हणतात ते काही उगाच नाही. कॉस्टर्ड हे जुन्या काळचं मोठं सफरचंद आणि माँगर म्हणजे विकणारा. झालं! हेस्टरने भर बाजारात हाळी दिली होती, "ऐकलंस का रे सायलस? खरी कॉस्टरमाँगर मी. तू आपला कोबीवाला!" गल्ली खो खो हसली. सायलसही हसला होता.

हेस्टरने शाल गुंडाळली आणि भिंती धरत धरत निघाली. पेग मागून ओरडत राहिली. कोपऱ्यावर पोचण्याआधीच सायलसचा घोगरा आवाज तिच्या कानावर आला.

"हेस्टरची सफरचंदं! घ्या, हेस्टरची गोड सफरचंदं!"

तिचे पाय थबकले. जिभेवर तयार ठेवलेल्या शिव्या तशाच राहिल्या.

"तू कशाला उठलीस गं?" सायलस खेकसला. "शिट्टीला जागा रिकामी दिसली असती तर गेली असती. बरी झालीस की ये आणि घे आपली परत."

डोळे भरून आलेले त्याला दिसू नयेत म्हणून हेस्टरने मान वळवली. समोर, सायलसच्या वीस वर्षांच्या जागेवर, कुणी अनोळखी कांदेवाला ऐसपैस गाडी लावून ओरडत होता.

"अरे वेड्या," ती कशीबशी म्हणाली, "मग तू कुठे उभा राहणार?"

सकाळपासून गल्ली दणाणून सोडणारा सायलसचा आवाज एकदम खाली आला.

"तू थोडी सरकलीस, तर इथंच."