थेनच्या जीपची वाट

थेन लारूला सोडून गेला, तोही तिच्याच बहिणीबरोबर! वर त्याचा युटाच्या वाळवंटातल्या रंगीत टेकड्यांकडे ट्रेकर्सना उंच जीपमधून न्यायचा धंदा जोरात, कारण त्या खड्ड्यांच्या कच्च्या रस्त्यावर साधी गाडी टिकायचीच नाही. आणि रस्ते सपाट करायचं सरकारी यंत्र चालवायची कोण? लारू!

"त्याचा रस्ता तसाच सोड गं, मोडू देत मेल्याची हाडं!" मैत्रीण नोर्मा म्हणाली.

"छे! आधी तोच करते."

आठवडाभर लारूने तो चाळीस मैलांचा रस्ता असा घोटला, की कपातली कॉफीसुद्धा हिंदकळू नये. थेन स्वतः येऊन म्हणाला, "लारू, मन मोठं आहे हं तुझं!"



शनिवारी टेकड्यांपाशी लोकांच्या आपापल्या छोट्या गाड्यांची रांग लागली होती, आणि जीपमध्ये एकटा थेन बसला होता.