दादाचं पथ्य

"तुम्ही खोटं बोलताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, फक्त पडद्यावरच्या चित्रावर पेनाचं टोक टेकवलं. "दोन महिन्यांपूर्वीपेक्षा यकृतावर चरबी जास्त आहे. पथ्य पाळणाऱ्या माणसाचं असं होत नाही."

बसड्रायव्हर खुर्चीत मावत नव्हता. एका बाजूला त्याची बायको बसली होती, दुसऱ्या बाजूला धाकट्या भावाची बायको. धाकटा याच इमारतीत वरच्या मजल्यावर पडून होता, पिवळाजर्द. दारूनं त्याचं यकृत संपवलं होतं. दादाच्या यकृताचा तुकडा बसवला तर तो जगला असता. दुसऱ्या कुणाचं जुळत नव्हतं. पण चरबीनं भरलेलं यकृत कापायला घेतलं, तर दोघंही टेबलावरच जायचे.

"मुलीची शपथ, बाई. एक घास इकडचा तिकडे नाही केला."

"पंधरा दिवसांनी शेवटची तपासणी करू. त्यापुढे तुमचे भाऊ थांबू शकणार नाहीत."

धाकट्याची बायको उठली. "दादा, ते मरताहेत वर. आणि तुम्हाला तोंड आवरत नाही?"

जाड्या माणसाचं हे असंच असतं. तो उपाशी मेला तरी लोक आधी त्याच्या ओठांवर तेल आहे का ते बघतील. वाळका माणूस सात थाळ्या हाणून म्हणाला की मी जेवलोच नाही, तर लगेच त्याला वाढायला धावतील.

खरं तर ड्रायव्हरनं सगळं केलं होतं. पहाटे ड्युटीआधी कालव्यापर्यंत चालत जाऊन यायचा. मोठं ताट सोडून मुलीच्या लहानपणच्या ताटलीत जेवायचा, तीही अर्धी भाजीनं भरलेली. घास सावकाश चावायचा. साखर बंद, चहा काळा. डेपोच्या कँटीनमध्ये कढई तापली की तोंड फिरवून पुढे जायचा. कंडक्टर डब्यात डोकावून म्हणायचा, "उस्ताद, बस चालवायचीय की गाडीला जुंपून घ्यायचंय? नुसता पाला!" तो हसायचा. आणि रात्री बघायचा, तर पँटचं बटण ढिम्म हललेलं नसायचं.

बायकोनंही कसूर ठेवली नव्हती. पहिल्या दिवशी तिनं आदळआपट केली होती, हे खरं. "तुम्हाला चिरू देणार नाही मी," म्हणाली होती. मग एक रात्र गप्प राहिली आणि सकाळी म्हणाली, "द्या. पण खाणंपिणं मी बघणार. दुसऱ्या कुणी लुडबुड करायची नाही." तळणीची कढई तिनं जावेच्या देखत भंगारात टाकली. तेव्हा जाऊ तिच्या गळ्यात पडून रडली होती.

ड्रायव्हर वर गेला. धाकट्यानं डोळे उघडले. हात आता नुसती काडी झाला होता, पण त्यानं दादाचं मनगट घट्ट धरलं.

"दादा, खरं सांग. तुला द्यायचं नाहीये का?"

"वेडा आहेस का तू?"

"तसं असेल तर मी रागावणार नाही."

ड्रायव्हरनं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. याच्यासाठी त्यानं नववीत शाळा सोडून डेपोत बसगाड्या धुतल्या होत्या. हा इंजिनियर झाला. नव्या घराच्या जेवणावळीत यानं साहेबांना सांगितलं होतं, "हे आमच्या ओळखीचे, बस चालवतात." तेव्हाही दादा रागावला नव्हता. बायकोच रागावली होती, ती वर्षभर.

घरी तो ताटलीपुढे नुसता बसून राहिला.

"मी झोपेत उठून खातो का गं?"

"काहीतरीच बोलू नका."

"मग हे येतं कुठून?" त्यानं पोटावर चापट मारली. "मशीन खोटं बोलतं? माझा सख्खा भाऊ मला चोर समजतोय."

"समजू दे." ती त्याच्याजवळ येऊन बसली. "तुम्ही चोरून खात नाही. जगाला बोंबलायचं ते बोंबलू दे. मला माहीत आहे."

त्याचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या जगात एका माणसाचा तरी विश्वास होता.

"जेवा आता. सूप गार होतंय."

"अळणी आहे."

"मीठही वाईटच असतं. आणि भाज्या आहेत, कितीही घ्या. उपाशीपोटी गाडी चालवाल आणि कुणाला तरी चिरडाल."

त्यानं वाडगा संपवला. मग उठला, माळ्यावरून जुनं कुलूप काढलं आणि स्वयंपाकघराच्या कडीला अडकवून बघितलं. किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली.

"मला माझाच भरवसा राहिलेला नाही. हे पंधरा दिवस तू देशील तेवढंच खाईन. घरातलं पाणीसुद्धा मी हातानं घेणार नाही. त्याला मरू द्यायचं नाहीये गं मला."

"बरं."

"रात्रीसुद्धा कुलूप लाव."

"लावते. झोपा आता. पहाटे चालायचंय ना?"

पहाटे ती खिडकीत उभी राहिली. खाली रस्त्यावर तो धापा टाकत निघाला होता. रोजच्यापेक्षा भरभर चालत होता, जवळजवळ पळतच. कोपऱ्यावर थांबून त्यानं वर बघून हात हलवला. तिनंही हलवला. तो वळेपर्यंत ती तिथेच थांबली. मग तिनं कुलूप उघडलं, दुपारच्या डब्याचं सूप मंद आचेवर ठेवलं, त्यात रोजच्यासारखा लोण्याचा गोळा सोडला आणि वर एकही चकाकता थेंब दिसेनासा होईपर्यंत ढवळत राहिली.