सोमवारी सगळे आजारी

पोलिसांना संप करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून आमच्या ओहायोतल्या गावात सोमवारी सकाळी आम्ही चौदाच्या चौदा पोलीस आजारी पडलो. युनियनचा सेक्रेटरी मी, त्यामुळे कुणाचं पोट बिघडणार आणि कुणाची कंबर धरणार, हेही मीच वाटून दिलं होतं. मागण्या साध्या होत्या. माणसं वाढवा, मुदत संपलेली बुलेटप्रूफ जाकिटं बदला आणि डबल ड्यूटी बंद करा.

दहा वाजता चीफ हॅलोरनचा फोन आला. मला वाटलं, आला वठणीवर!

"वेंडेल, तुमच्यातला एक जण कामावर आलाय हं. अगदी सातच्या ठोक्याला. त्याला गाडीत घेऊन सगळं गाव फिरलो. कुठे चोरी नाही, मारामारी नाही. मेयर विचारतायत, मग माणसं वाढवायची कशाला?"

माझं टाळकंच सरकलं. एकेकाला फोन लावला. सगळे घरीच, पांघरुणात, इमानदारीत खोकत होते. शेवटी राहिला श्वानपथकाचा पेट्रोव्स्की.

"तूच फितूर झालास ना रे?"

"आईशप्पथ नाही! दार उघडं राहिलं आणि आपला बँजो सटकला. कुत्र्याला काय ठाऊक, आज आपण आजारी आहोत ते!"

संध्याकाळी युनियनची तातडीची बैठक भरली. खोकला विसरून सगळे आले. पोलीस कुत्र्यालाही आजारपणाची पगारी रजा मिळालीच पाहिजे, ही आता आमची पहिली मागणी आहे. ठराव एकमताने पास झाला. बँजो तेवढा येऊ शकला नाही, त्याची डबल ड्यूटी चालू होती.