गहिनीनाथची सजा

गहिनीनाथ आरोपीच्या कठड्यात उभा राहिला तरी नृसिंहरावांनी मान वर केली नाही.

कारकून हळूच म्हणाला, "साहेब, ओळखीचा माणूस आहे. केस नगरला पाठवायची का?"

"गरज नाही."

ओळख जामखेडात सगळ्यांनाच ठाऊक होती. बेचाळीसच्या चळवळीत नृसिंहराव वकिली सोडून डोंगरातल्या एका पडक्या देवळात लपले होते. त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंनी बांधून दिलेली शिदोरी गहिनीनाथ तिथं पोचवायचा. एके पहाटे पोलिसांनी नेमकं तेच देऊळ घेरलं. नृसिंहराव येरवड्याला गेले. बाकीचे साथीदार पुढं ठरल्याप्रमाणे पोलीस चौकीवर चाल करून गेले आणि गोळीबारात मारले गेले.

फितुरी कुणी केली, हे गावानं ठरवून टाकलं. गहिनीनाथनं कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याच्या घरचं पाणीही कुणी पिईनासं झालं.

तुरुंगवासानं नृसिंहरावांचं नाव मोठं झालं. लोकांनी त्यांना लोकल बोर्डावर निवडून दिलं. स्वराज्य आल्यावर सरकारनं ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं. निजामाची हद्द जवळ, त्यामुळे चोरटी धान्यवाहतूक रोजचीच. गहिनीनाथ दोन पोती बाजरी घेऊन पलीकडं जाताना सापडला होता.

"बाजरी कुणासाठी?"

"भैन हाय माजी पल्याड. पोरं उपाशी हायती."

"विकायला नव्हती?"

"न्हाई, सायेब."

पूर्वी तो त्यांना दादा म्हणायचा.

आदल्याच आठवड्यात अशाच गुन्ह्यात सहादेव गाडीवानाला त्यांनी दंडावर सोडलं होतं. नृसिंहरावांनी टाक उचलला. आपण फक्त कायदा बघतोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

"शिक्षेआधी काही सांगायचंय?"

गहिनीनाथनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं. क्षणभर वाटलं, हा आता बोलणार.

"न्हाई. तुमी द्याल ती सजा."

"सहा महिने. सक्तमजुरी."

दुपारी ते घरी आले तेव्हा दमयंतीबाई पाणी घेऊन दारातच उभ्या होत्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

"दंड करून भागलं नसतं?"

"मी देवळात पकडला गेलो नसतो, तर माझ्या माणसांबरोबर उभा राहिलो असतो. मेलो असतो, पण त्यांच्याबरोबर. ते त्यानं हिरावून घेतलं माझ्याकडून. तरी मी कायद्याबाहेर गेलो नाही."

"आणि तो? काहीच बोलला नाही?"

"बोलायला तोंड हवं ना."

दमयंतीबाईंनी तांब्या खाली ठेवला. भिंतीला टेकून त्या सावकाश बसल्या.

"देऊळ घेरलं त्याच्या आदल्या रात्री तो मला चौकीच्या वाटेवर भेटला होता," त्या म्हणाल्या. "माझे पाय धरले त्यानं. वहिनी, दादांची जागा सांगू नका, मागं फिरा म्हणाला."